चतुःसीमा

मुंबईकराला कर्जत ठाऊक असते ते बटाटेवड्यापुरते. पुण्याची गाडी थांबते, मागच्या अंगाला घाट चढवणारी जादा इंजिने लागत असतात, तेवढ्या अवधीत आपण वडा विकत घेतो, आणि पहिला घास तोंडात जातो न जातो तोच गाडी हललेली असते. मग बोगदे सुरू होतात, मुले ओरडतात आणि कर्जत मागे पडते. आमच्या घरी मात्र कर्जत हे वाटेवरचे स्टेशन नव्हते, गाडी बदलण्याचे स्टेशन होते. खोपोलीच्या फाट्यावर, खालापूर तालुक्यात, आमची बावीस गुंठे भातजमीन आहे. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी सांभाळलेली आणि आम्ही फक्त सातबाऱ्यावर पाहिलेली.

गेल्या फाल्गुनात तिची मोजणी निघाली. माझ्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, ती विकायची होती. गिऱ्हाईक तयार होते. हल्ली या बाजूला शनिवार-रविवारच्या बंगल्यांची हौस फार वाढली आहे. पण गिऱ्हाइकाला हद्द स्वच्छ हवी होती, आणि पूर्वेचा बांध शेजाऱ्याने कोरून कोरून आमच्या शेतात आणला आहे, अशी आमच्या घरात दोन पिढ्यांची खात्री होती. मोजणीला घरचे कोणीतरी उभे राहायला हवे. दादाचे गुडघे दुखतात. निवृत्त माणूस एकटा मीच. तेव्हा मी निघालो, आणि सोबतीला भाची आली.

भाचीविषयी दोन शब्द आधीच सांगितले पाहिजेत. तिने गणितात एम्.एस्सी. केले आहे आणि तिला पुढे संशोधन करायचे आहे. पाच वर्षे. दाजींचे म्हणणे, एवढ्या हुशार मुलीने नोकरी धरावी. शेताच्या पैशांतला माझ्या बहिणीचा वाटा आला की लहानशा जागेचे बघता येईल, मुलीच्याच नावाने. निघण्याच्या आदल्या रात्री दाजींनी मला गॅलरीत बोलावून हळूच सांगितले, "तुमचे ती ऐकते. गाडीत वेळ मिळेल. बघा जरा." मी मान हलवली. पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला मान हलवण्याची सवय असते.

कर्जतला खोपोलीची गाडी धरली. ही लहानशी फाट्याची गाडी आज कोणाच्या खिजगणतीत नाही, पण तिचा मान मोठा आहे. १८५६ साली आगगाडी मुंबईहून निघून या खोपोलीपर्यंत आली आणि इथे थांबली. साहेब लोक गावाला कॅम्पूली म्हणत. पुढे सह्याद्री उभा. १८५८ साली पलीकडे खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रूळ पडले, पण मधला घाट तसाच राहिला. उतारूंनी खोपोलीला उतरावे, पालखीत किंवा तट्टावर बसून बोरघाट चढावा, आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत शिरावे. १८६३ साली सदतिसास एक या चढाचा लोहमार्ग कर्जतहून घाटात गेला. तो बांधताना पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. खोपोली बाजूला राहिली ती कायमची. एके काळचे टोकाचे स्टेशन फाट्याचे टोक होऊन बसले.

पळसदरीला खरोखरच पळस फुलला होता. नावाप्रमाणे वागणारी गावे आता थोडी उरली आहेत म्हणून मुद्दाम सांगतो.

मी दाजींचे काम काढले. "तू ते नक्की काय शिकणार आहेस, मला कळेल असे सांग," असे म्हणून सुरुवात केली. मनात हिशेब असा, की तिला सांगता येणार नाही, आणि मग मला म्हणता येईल, जे मामाला सांगता येत नाही त्यात पाच वर्षे कशाला घालवतेस?

"संमिश्र सदिश-जुडींवरच्या भौमितिक अवकल समीकरणांचे सीमामूल्य प्रश्न," ती म्हणाली आणि माझे तोंड पाहून हसली. "थांब. या गाडीची स्टेशने सांग."

"कर्जत, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली."

तिने तिकिटाच्या मागे सहा टिंबे काढली. "प्रत्येक स्टेशनाला एक आकडा द्यायचा. कर्जतला शून्य आणि खोपोलीला दहा हे वरून ठरून आले. मधल्या चौघांना नियम एकच. आपला आकडा दोन्ही शेजाऱ्यांच्या बरोबर सरासरीइतका हवा."

हे तर आमचेच काम. मी म्हटले, "दोन, चार, सहा, आठ."

"दुसरे उत्तर आहे?"

मी थोडी खटपट केली. नव्हते. पण नाही हे कशावरून? ती म्हणाली, "समज, एक उत्तर तुझे आणि एक माझे. दोघांची वजाबाकी कर. त्या फरकालाही सरासरीचा नियम लागतोच. टोकांना फरक शून्य, कारण टोके दोघांनाही सारखीच दिली होती. आता ज्या स्टेशनावर फरक सर्वांत मोठा आहे तिथे उभा राहा. शेजारी तुझ्याहून मोठे नाहीत, तरी त्यांची सरासरी तुझ्याइतकी आहे. म्हणजे तेही तेवढेच. मग त्यांचे शेजारीही तेवढेच. असा चालत चालत टोकाला पोहोचशील, आणि टोकाला तर शून्य आहे. सर्वांत लहान फरकाचेही तसेच. म्हणजे फरक कुठेच नाही."

वाचकहो, मी आयुष्यभर आकडेमोड केली, पण आकड्यांकडून असे एखादे विधान वदवून घेता येते हे मला केळवली स्टेशनच्या आसपास प्रथम कळले.

याला म्हणे सीमामूल्य प्रश्न म्हणतात. कडेला काय आहे ते दिलेले असते आणि आत एक नियम असतो. त्यावरून आतले सगळे काढायचे. मांडवाच्या कापडाचे चारी काठ वेगवेगळ्या उंचीच्या बांबूंना ताणून बांधले, तर मधले कापड कुठे किती उंचीवर राहील? तव्याच्या कडेला ठिकठिकाणी ठराविक ऊब कायम ठेवली, तर बराच वेळाने मधोमध किती ऊब असेल? दोन्हीकडे नियम तोच, भोवतालच्या सरासरीचा. १८५१ साली रीमान नावाच्या जर्मन गणितज्ञाने आपल्या प्रबंधात असे उत्तर नेहमी असतेच असे धरून चालण्यासारखी एक युक्ती वापरली. त्याचे म्हणणे, निसर्ग जिथे ताण सर्वांत कमी तिथे स्थिरावतो, तोच आकार आपले उत्तर. १८७० साली वायरश्ट्रास या काटेकोर गृहस्थाने विचारले की सर्वांत कमी ताणाचा आकार असतो हे कशावरून? कमी होत होत कधीच न पोहोचणारेही काही असू शकते. तोवर रीमान वारला होता. १९०० च्या सुमारास हिल्बर्टने ती युक्ती पुन्हा पायावर उभी केली. मध्ये तीस वर्षे एक खरे विधान पुराव्यावाचून लोंबकळत राहिले. आमच्या बँकेत हे चालले नसते.

डोलवलीला उतरलो. तिथून पुढे पायवाट. फाल्गुनातले भाताचे रान म्हणजे नुसते खुंट आणि भेगा. पण या दिवसांत बांध जितके स्पष्ट दिसतात तितके पावसाळ्यात दिसत नाहीत. ठिकठिकाणी राब भाजायला शेण, पाला आणि काटक्या अंथरलेल्या होत्या. हा सगळा टापू भाताचा. कर्जतच्या संशोधन केंद्राने काढलेली कर्जत-३, कर्जत-७ ही बियाणी कोकणभर पेरली जातात. समोर घाटाची भिंत, तिच्यावर राजमाची, आणि उजवीकडे डोंगरावरून येणारे टाटांचे जाडजूड नळ ऊन लागून चमकत होते.

शेताच्या आग्नेय कोपऱ्यात आजोबांचा फणस आहे. लहानपणी दर उन्हाळ्यात दोन फणस पोत्यात घालून दादरला येत. चाळीत दोन दिवस वास दरवळे. झाडाखालीच शेजारचे आबा बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. वडिलांच्या वेळेपासूनचे आमचे प्रतिवादी. त्यांनी "या भाऊ" म्हणून पोते झटकून दिले. ज्याच्याशी दोन पिढ्यांचे वाकडे आहे त्याच्या पोत्यावर बसावे की नाही, असा प्रश्न मला पडला. पण ऊन फार होते. बसलो.

मोजणीदार आले. तरुण मनुष्य, हातात काठीवर बसवलेले यंत्र. पूर्वी शंकूसाखळी ओढत दोन दिवस घालवायचे, ते आता आकाशातल्या उपग्रहांना विचारून दुपारपर्यंत उरकते. त्यांनी कागद उलगडला. वर चतुःसीमा लिहिल्या होत्या: पूर्वेस अमक्याचा गट, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस तमक्याचा गट, उत्तरेस वाट. खरेदीखतात हा मजकूर मी अनेकदा वाचला होता, पण त्याची गंमत त्या दिवशी कळली. जमीन कशी आहे, काळी की तांबडी, तीत काय पिकते, यातले अवाक्षर नाही. चारी बाजूंना काय आहे एवढे सांगितले की जमीन सांगून झाली.

यंत्रवाला एकेक कोपरा घेत होता तोवर भाची बांधावर उभी राहून मला पुढचा धडा देत होती. आबाही ऐकत होते. कळत असेल-नसेल, पण मान डोलावत होते.

"आता आकड्याऐवजी मापे घे," ती म्हणाली. "मेट्रिक मापे येण्यापूर्वी गावोगावची पायली निराळी होती ना?"

"तर! चौकची येगळी, खालापूरची येगळी," आबा म्हणाले.

"हां. आता प्रत्येक ठिकाणी एकच धान्य नाही, दोन-तीन धान्ये आहेत, आणि त्यांची एकत्र मिळून एक मोजणी आहे. या प्रत्येक जागेवर अशी एक लहानशी जुडी उभी आहे असे समज. त्या सगळ्या मिळून सदिश-जुडी. आकडे साधे नाहीत, संमिश्र आहेत, म्हणजे किती हे सांगतात आणि किती वळले हेही सांगतात. एका गावचे माप पलीकडच्या गावी नेताना भाषांतर करावे लागते. कर्जतहून माप घेऊन निघायचे, खोपोली, खालापूर, चौक फिरून परत कर्जतला यायचे. घरी आल्यावर ते मूळच्या मापाशी जुळत नसेल, तर जो फरक पडला ती त्या टापूची वक्रता. पायली प्रत्येक गावाने कशी निवडली यावर हा फरक अवलंबून असतो. तेव्हा प्रश्न असा: प्रत्येक जागी पायली अशी निवडता येईल का, की वक्रता सगळीकडे समतोल राहील, कुठे साचणार नाही?"

"आणि येते का?"

"बांध असेल तर नेहमी येते. १९९२ साली सायमन डोनाल्डसन या इंग्रज गणितज्ञाने ते सिद्ध केले. सीमेवरच्या गावांची मापे तू वाटेल तशी ठरवून दे; आत समतोल राखणारी मापांची निवड असतेच, आणि एकच असते. एकच का, तर गाडीत सांगितले तेच कारण. दोन निवडींतला फरक सर्वांत मोठा जिथे असेल तिथून चालत कडेला यायचे. असते का, हे दाखवायला त्याने मापे कशीही ठेवून सुरुवात केली आणि ऊब पसरते तशी त्यांना हळूहळू सरकू दिली. शेवटी ती स्थिर होतात."

"खाचरातल्या पान्यावानी," आबा म्हणाले. एका खाचरात पाणी सोडले की ते आधी एका कोपऱ्यात धावते, मग सावकाश सगळीकडे एक होते. मला वाटते, डोनाल्डसनसाहेबांना हा दाखला आवडला असता.

मी विचारले, "आणि बांध नसेल तर?"

ती उत्तर देणार तोच मोजणीदारांनी हाक मारली.

पूर्वेच्या बांधाचे काम झाले होते. उत्तरेच्या टोकाला बांध बरोबर जागेवर होता, एक वीतही इकडे-तिकडे नाही. पण दक्षिणेकडे येता येता तो सरकला होता, आणि सरकला होता तो आबांच्या शेतात. कोपऱ्याशी तीन हात. चुन्याची खूण पडली ती फणसाच्या अलीकडे, आमच्या बाजूला. फणस आमच्या हद्दीत नव्हता. आणि उत्तरेची वाट जी त्या कोपऱ्याला वळसा घालून खाली ओढ्याकडे येते, तीही आमच्या गटाला तिथे लागत नव्हती.

मी म्हटले, पुन्हा घ्या. त्यांनी पुन्हा घेतली. तीच खूण.

माणसाची आठवण कशी असते पहा. चाळीस-पन्नास वर्षे जे कधी आठवले नव्हते ते त्या चुन्याच्या रेघेकडे पाहताना आठवले. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. ओढ्याला मोठे पाणी येऊन गेले होते आणि कोपऱ्यातला बांध वाहून गेला होता. वडील दोन गडी घेऊन तो पुन्हा घालत होते, आणि मी त्यांच्यावर छत्री धरून उभा होतो. गड्याने विचारले, कुठून घेऊ? वडिलांनी झाडाकडे पाहिले आणि म्हणाले, "झाडाच्या पलीकडून घे." एवढेच. आजोबांनी फणस लावला होता तो बहुधा बांधाच्या कडेला, शेजारधर्माने, थोडा त्यांच्यात थोडा आपल्यात. वडिलांनी तो आत घेतला. आणि नंतर बांध कोण कोरतो यावरून आयुष्यभर आबांशी बोलले नाहीत.

मी हे कोणाला सांगितले नसते तरी चालले असते. मोजणीच्या कागदावर बांध कोणी सरकवला हे लिहायचे नसते. पण आबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "आबा, तो बांध आमच्या वडिलांनी घातला. मी इथे होतो."

"ठावं हाय," आबा म्हणाले. "छत्री धरलेली तूच नव्हं का?"

यावर काय बोलायचे असते मला माहीत नाही. भाची दुसरीकडे पाहू लागली. आबांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, "गरे दर साली तुमच्याकडं धाडतो तसे धाडीन. खालच्या फांदीचे मी खातो. ते आधीपासून खातो."

सही करताना माझा हात थोडा कापला. उन्हाने असेल.

दुपारचे जेवण आबांच्या ओटीवर झाले. शिमगा चार दिवसांवर होता, पण सुनेने पाहुण्यांसाठी पुरणपोळी आधीच केली होती. मुले, सुना, नातू असे आम्ही बारा जण गोल बसलो. भाचीला माझा प्रश्न आठवला.

"मामा, बांध नसेल तर काय, ते आता सांगते. यांतले सहा जण एका ओळीत बसले आहेत आणि टोकाच्या दोघांना एकही पोळी नाही असे समज. मधल्या चौघांची अट अशी की मला दोन्ही शेजाऱ्यांच्या सरासरीहून एक पोळी जास्त हवी. जमते का बघ. चार, सहा, सहा, चार."

मी ताडून पाहिले. शून्य आणि सहाची सरासरी तीन, तिथे चार. चार आणि सहाची पाच, तिथे सहा. जमत होते.

"आता गोल पंगत. कोणीच टोकाचे नाही. प्रत्येक जण म्हणतो, मला शेजाऱ्यांच्या सरासरीहून जास्त. कधीच जमणार नाही. कारण सर्वांत कमी पोळ्या ज्याला, त्याचे शेजारी त्याच्याहून कमी असूच शकत नाहीत. ओळीत काठ होता म्हणून काठाने भार घेतला. गोलाला काठ नाही. तिथे भार जायला जागा नाही, मग आतच काहीतरी अट पाळावी लागते."

जुडींचे असेच आहे. चेंडू, मेदुवडा, किंवा दोन-तीन भोकांचा मेदुवडा, अशा काठ नसलेल्या पृष्ठावर जुडी असेल तर समतोल माप नेहमी सापडत नाही. ते केव्हा सापडते? इथे गोष्ट मुंबईला येते, आणि म्हणून मी ती जरा विस्ताराने सांगतो.

१९५३ साली मद्रासच्या लोयोला कॉलेजातून दोन तरुण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. एम. एस. नरसिंहन् आणि सी. एस. शेषाद्री. दोघेही १९३२ सालचे. भाभांनी १९४५ साली काढलेली ही संस्था त्या वेळी गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात भरत होती. कुलाब्याच्या टोकाची आजची इमारत १९६२ ची. दोघेही मध्यंतरी पॅरिसला जाऊन आले. नरसिंहन् यांचा ओढा अवकल समीकरणांकडे, शेषाद्रींचा बीजगणिती भूमितीकडे, आणि जुडी ही वस्तू अशी की तिला दोन्ही हात लागतात. १९६५ साली दोघांचा लेख अमेरिकेतल्या 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये आला. त्यात त्यांनी दाखवले की मापाला धक्का न लावता सर्वत्र फिरता येईल, फिरून आल्यावर वळले तरी घटणार-वाढणार नाही, अशा न तुटणाऱ्या जुड्या आणि 'स्थिर' जुड्या या एकच होत. एक बाजू भूमितीची, दुसरी बीजगणिताची, आणि मध्ये पूल.

स्थिर म्हणजे काय? भाचीने सुंभाचा तुकडा हातात घेऊन दाखवले. प्रत्येक जुडीला एकूण किती पीळ आहे ते मोजता येते. तो जुडीतल्या पदरांच्या संख्येने भागला की दरपदरी पीळ. आता जुडीतली कोणतीही पोटजुडी वेगळी काढा. तिचा दरपदरी पीळ सबंध जुडीच्या दरपदरी पिळाहून कमीच भरला पाहिजे. एकही पोटजुडी सरासरीइतकी किंवा सरासरीहून वरचढ निघाली तर जुडी स्थिर नाही.

"म्हणजे एकत्र कुटुंब," मी म्हटले. ओटीवर हशा झाला. आबांच्या थोरल्या सुनेचा जरा जास्तच.

पुढे १९८३ साली याच डोनाल्डसनने नरसिंहन्-शेषाद्रींच्या सिद्धान्ताला अगदी निराळा पुरावा दिला, मापाच्या आणि वक्रतेच्या भाषेत. मग १९८५ साली तो एक पायरी वर, बीजगणिती पृष्ठांवर गेला, आणि १९८६ साली कॅरन उलेनबेक आणि याऊ यांनी तो आणखी वरच्या मितींत नेला. काठ असलेल्या जागेचा सिद्धान्त १९९२ चा, म्हणजे सर्वांच्या नंतरचा, आणि त्यात स्थिरतेचे नावही नाही. काठ आला की ती अट लागतच नाही. २००६ साली नरसिंहन् आणि डोनाल्डसन यांना किंग फैसल पारितोषिक मिळून देण्यात आले. शेषाद्रींनी मद्रासला गणिताची संस्था उभी केली. ते कर्नाटक संगीत उत्तम गात. २०२० मध्ये ते गेले, आणि पुढच्याच वर्षी नरसिंहन् गेले.

"हे सगळे कशाला उपयोगी?" हा प्रश्न मी विचारला नाही. दाजींचा तो प्रश्न होता आणि तो माझ्या खिशात होता. पण मी तो काढला नाही. भाचीने आपण होऊनच सांगितले की यांग आणि मिल्स या दोघांनी १९५४ साली अणुगर्भातल्या बलांसाठी जी समीकरणे लिहिली, ती याच घराण्यातली.

गाडीला अवकाश होता म्हणून रिक्षाने खोपोलीला गेलो. नाना फडणविसांनी बांधवलेले देवालय आणि तळे पाहिले. तळ्याच्या पायऱ्यांवर बसले की घाट अगदी अंगावर येतो. १६६१ साली कारतलबखान याच डोंगरांतून कोकणात उतरताना उंबरखिंडीत महाराजांच्या हाती सापडला. पुढे वाट अडलेली, मागे वाट अडलेली, दोन्हीकडे उभे कडे. ती जागाही याच तालुक्यात.

समोर टाटांचे नळ होते. लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांचे पाणी इंद्रायणीच्या खोऱ्यातले. त्याने पूर्वेला भीमा आणि कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरात जायचे. १९१५ पासून ते पाचशे मीटरच्या वर उंचीवरून नळांतून खाली येते, खोपोलीच्या विद्युतगृहातली चक्रे फिरवते, पाताळगंगेत पडते आणि अरबी समुद्राला मिळते. भिवपुरीचे विद्युतगृह १९२२ चे. तिथले पाणी उल्हास नदीला. सह्याद्रीच्या माथ्यावर पाण्याचा जो बांध निसर्गाने घातला होता तोही माणसाने सरकवलाच. इथे कोणी मोजणी मागितली नाही. घाटावरचे लोक अधूनमधून मागतात, ते वेगळे.

पायऱ्यांवर बसूनच मी दादाला फोन लावला. तीन हात जागा गेली, फणस गेला आणि कोपऱ्याची वाटही गेली, हे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "गिऱ्हाइकाला वाट हवी होती."

"माहीत आहे."

"मोजणीदाराचे काही चुकले असेल."

"नाही, दादा. आपले चुकले आहे." छत्रीची गोष्ट मी त्याला सांगितली. वडील त्याचे काका, आणि त्याचा त्यांच्यावर फार जीव. फोन ठेवताना त्याने एवढेच विचारले की आबा काय म्हणाले. मी गऱ्यांचे सांगितले.

आता जमीन विकली जाईल की नाही, कितीला, बहिणीच्या वाट्याला काय येईल, हे हे लिहीपर्यंत ठरलेले नाही. दादा अजून गिऱ्हाइकांशी बोलतो. मध्ये एकदा तो स्वतः गुडघे घेऊन डोलवलीला जाऊन आला. काय बोलणे झाले ते त्याने सांगितले नाही, पण जूनमध्ये नेहमीप्रमाणे दोन फणस आले. पोते तेच होते की काय कोण जाणे.

परतीच्या गाडीत अंधार पडत आला होता. लौजी, डोलवली. भाची खिडकीशी बसून त्याच तिकिटाच्या मागे काहीतरी लिहीत होती. मी म्हटले, "दाजींना काय सांगू?"

तिने वर पाहिले नाही. "सांग, मोजणी झाली."

कर्जतला गाडी बदलली. वडे गरम होते. चार घेतले, दोन दाजींसाठी.